ॲव्हरेज वाढले, पण कशाच्या मोबदल्यात?

घरी नवी गाडी आली की मुबारकबाद द्यायला आलेले पाहुणे सरबताचा पेला हातात घेण्याआधीच विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" ब्रेक कसे आहेत, मागच्या सीटला पट्टे आहेत का, सात माणसे घेऊन घाट चढते का, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात एकाच पगारातून घरभाडे, शाळेची फी आणि अम्मीची औषधे निघतात, तिथे पेट्रोलचा खर्च डोळ्यांत खुपणारच. पण ॲव्हरेज क्वचितच फुकट वाढते. त्यासाठी आपण काहीतरी देतो. कधी वेळ, कधी डिकीतली जागा, कधी इंजिनाचे आयुष्य, आणि काही वेळा तर गाडीत बसलेल्या माणसांची सुरक्षितता. काय मिळाले आणि काय दिले, असा दोन्ही बाजूंचा हिशेब मांडल्याशिवाय बचत झाली असे म्हणता येणार नाही.

आधी त्या आकड्याविषयी. कारच्या जाहिरातीत लिटरला २२ किंवा २५ किलोमीटर असे छापलेले असते. तो आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्यातील 'एआरएआय'सारख्या चाचणी संस्थेत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठरावीक पद्धतीने वीसएक मिनिटे चालवतात. वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही, एसी बंद असतो. तिथे ना खड्डा, ना चढ, ना शाळेसमोरची गर्दी. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. महिन्याचे बजेट ठरवायला नाही. आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा तर टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, तीनशे-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि भागाकार करावा. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा वहीतला हा आकडा अधिक भरवशाचा.

लिटर नेमके कुठे जातात?

समजा, एकत्र कुटुंबात तीन वाहने आहेत. भाईजानची जुनी जीप लिटरला १० देते, धाकट्याची छोटी कार २० देते आणि मोटारसायकल ५०. तिन्ही महिन्याला हजार किलोमीटर चालतात. हिशेबाच्या सोयीसाठी इंधन लिटरला शंभर रुपये धरू. जीपचे ॲव्हरेज १० वरून केवळ १२ झाले तर सुमारे १७ लिटर, म्हणजे १,७०० रुपये वाचतात. कारचे २० वरून २५ झाले, तर १० लिटर, हजार रुपये. मोटारसायकल ५० वरून थेट ६० वर गेली, तरी जेमतेम साडेतीन लिटर. ऐकायला जीपची प्रगती सर्वांत लहान वाटते, आणि पैसे तिथेच सर्वांत जास्त वाचतात. आपल्याकडे मात्र बहुतेक डोकेफोड मोटारसायकलवर होते. घरातील सर्वांत खादाड गाडी कोणती आणि ती खरोखर किती फिरते, हे आधी बघावे. अनेकदा जीप घरी ठेवून तीच फेरी कारने केली, एवढ्यानेच इतर सगळ्या उपायांपेक्षा जास्त बचत होते.

दुसरी गोष्ट उजव्या पायाची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या माहितीनुसार, सारखे जोरात पिकअप घेणे आणि करकचून ब्रेक दाबणे या सवयीने महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटू शकते. कारण सरळ आहे. पेट्रोल जाळून गाडीला वेग दिला आणि पुढच्याच सिग्नलला तो ब्रेकमध्ये घासून टाकला. समोर लाल दिवा दिसताच पाय उचलावा, गाडी गिअरमध्येच आपली आपण मंदावू द्यावी. यात फक्त सवय बदलावी लागते, आणि मागे बसलेल्या वयस्कर माणसांना हिसके बसत नाहीत, हा वरचा फायदा.

वेगाचे गणित थोडे वेगळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. तो सगळा ८० ने काटला तर ७१ मिनिटे, १०० ने काटला तर ५७. चौदा मिनिटांसाठी किती पेट्रोल द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. विमानतळ गाठायचे असेल तर ती चौदा मिनिटे मोलाची असतील. लग्नाच्या दावतीला निघालो असू तर नाहीत. मात्र ताशी ५० ने उजव्या लेनमधून पेट्रोल वाचवत जाणारे काही महाभाग दिसतात, त्यांची बचत मागच्या सगळ्यांच्या जिवावर चाललेली असते.

उतारावर न्यूट्रल

आता ज्या सवयीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. घाटाचा उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, काही जण तर चावीही बंद करतात. कोकणात जाणाऱ्या रस्त्यांवर रिक्षापासून ट्रकपर्यंत हे सर्रास चालते. "उताराला गाडी फुकट चालते, इंजिन कशाला जाळायचे?" असे त्यामागचे तर्कशास्त्र. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून क्लीनरकडे ही शिकवण आली आहे.

ती आली कार्बोरेटरच्या काळातून. त्या वेळी गाडी गिअरमध्ये उतारावरून धावत असतानाही इंजिन कार्बोरेटरमधून थोडेफार पेट्रोल ओढत राहायचे. म्हणून न्यूट्रलने थेंबभर वाचत असेल. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत प्रकार उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना एक्सिलेटरवरून पाय पूर्ण उचलला की गाडीतील संगणक ओळखतो की चाकेच इंजिन फिरवत आहेत, आणि तो इंधन बंद करतो. त्या उतारावर पेट्रोलचा खर्च जवळपास शून्य. न्यूट्रल केले की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा पेट्रोल सोडावे लागते. म्हणजे आजच्या गाडीत न्यूट्रलने उतरणारा माणूस गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यापासून तर बहुतेक दुचाकीही इंजेक्शनवर आल्या आहेत.

चावी बंद केली तर पेट्रोल खरेच वाचते. पण त्यासाठी काय द्यावे लागते ते बघा. कारच्या ब्रेकला दाब वाढवणारी मदत इंजिनाकडून मिळते. इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. चुकून चावी आणखी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, तर हवा भरणे बंद. शिवाय गिअरमुळे गाडीला मिळणारी रोख नाहीशी झाल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. घाटात येणारा तो जळका वास अनेकांच्या ओळखीचा असेल.

पुण्यात नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार याच कारणाने बदनाम झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मालवाहू वाहनाने संध्याकाळच्या गर्दीत डझनावारी गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे प्राथमिक तपासात सांगितले गेले. किती डिझेल वाचले असते? फार तर चहा-नाश्त्याचे पैसे.

जुन्या जाणत्या ड्रायव्हरांचा एक नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. कुंभार्ली असो, आंबा असो की पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी. भाड्याची गाडी केली असेल आणि चालक उतारावर न्यूट्रल करत असेल, तर मागे बसलेल्या माणसाने संकोच न करता त्याला सांगावे. "भाई, गिअरमध्ये ठेवा, डिझेलचे वर-खाली झाले तर आम्ही देऊ," एवढे म्हटले तरी पुरते.

टायर, कॅरिअर आणि मे महिन्यातील एसी

टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी जड चालते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याचा फायदा आपण समजतो तेवढा मोठा नाही. हवा योग्य ठेवल्याने सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास, काही गाड्यांत ३ टक्क्यांपर्यंत सुधारणा होते. तरी हवा तपासावीच, कारण कमी हवेचा टायर तापून फुटतो. हे कळल्यावर काही जण उलट टोक गाठतात आणि पंक्चरवाल्याकडून टायर टणक करून घेतात. टायर टणक झाला की त्याचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. आषाढातल्या ओल्या, तांबड्या चिखलाच्या रस्त्यावर तेवढीच पकड हवी असते. दारावर किंवा पुस्तिकेत लिहिलेला आकडाच बरोबर, आणि तो टायर थंड असताना तपासायचा.

टपावरच्या कॅरिअरचे मात्र उलट आहे. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि नुकसान भरपूर. टपावर सामानाचा बोजा असेल तर महामार्गावर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज कमी होऊ शकते, असे अमेरिकी सरकारी आकडे सांगतात. ईदला गावी जाताना बॅगा, तांदळाची गोणी, परतताना आंब्याच्या पेट्या, हे सगळे वर बांधल्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा बांधावेच. लहान मुलांच्या पायाशी सामान कोंबण्यापेक्षा पेट्रोल गेलेले बरे. पण मुंब्र्याला किंवा भिवंडीला परत आल्यावर तेच रिकामे कॅरिअर पुढच्या ईदपर्यंत वारा खात टपावर राहते. चार बोल्ट काढायचा आळस वर्षभर पेट्रोल पितो.

एसीला इंधन लागते, यात शंका नाही. गावात हळू चालताना काचा उघडल्या तर वाचते. महामार्गावर उघड्या काचांतून शिरणारी हवाच गाडीला मागे ओढते, त्यामुळे तिथे फरक कमी होतो. पण मे महिन्याच्या दुपारी गाडीत तान्हे मूल किंवा दमेकरी नानी असेल, तर हा हिशेब करूच नये.

सीएनजी: कोणाला परवडते?

महिन्याला फार फिरणाऱ्यांसाठी सीएनजी हा आजही मोठा आधार आहे. कंपनीची सीएनजी कार पेट्रोल कारपेक्षा साधारण नव्वद हजार रुपयांनी महाग पडते असे धरू. पेट्रोलवर १८ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये. सीएनजी किलोला ८० रुपये आणि २५ किलोमीटर, म्हणजे तीन रुपये वीस पैसे. किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ३५ पैसे वाचले. नव्वद हजार वसूल व्हायला ३८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दीड-पावणेदोन वर्षांत फिटते. महिन्याला पाचशेच फिरणाऱ्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. फक्त जुम्म्याला नातेवाइकांकडे आणि वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबाने शेजाऱ्याचे बघून सीएनजी घेऊ नये.

पैशाबरोबर आणखी तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली, जागा. साठ लिटरची टाकी डिकी खाऊन टाकते. एर्टिगासारख्या सात आसनी गाडीत ती तिसऱ्या रांगेच्या मागे बसते, आणि सात माणसांच्या बॅगा पुन्हा टपावर जातात. टाटाने २०२३ मध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवण्याची पद्धत आणली, त्यामुळे काही जागा वाचते. दुसरी, ताकद. गॅस इंजिनात हवेची जागा घेतो, म्हणून जोर कमी होतो. त्याच एर्टिगाची पेट्रोलवर शंभराच्या वर असलेली अश्वशक्ती सीएनजीवर ८८ च्या आसपास येते. भरल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करताना हा फरक जाणवतो. अशा वेळी बटण दाबून पेट्रोलवर यावे, चार रुपये जाऊ द्यावेत. तिसरी, रांग. खासगी कारवाल्याला ती कटकट वाटते, पण रिक्षावाल्याचा रांगेत गेलेला तास म्हणजे त्या दिवसाच्या कमाईचा तुकडा असतो, आणि तो कुठल्याच ॲव्हरेजमध्ये धरला जात नाही.

बाहेरून किट बसवायचे असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवावे. आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला कळवणे हे दोन्ही करावे. नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो, गाडीच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षा कितीतरी पटींनी अधिक. 'ओळखीचा आहे, स्वस्तात करून देतो' म्हणणाऱ्याला या कामासाठी दूरच ठेवावे. घरगुती स्वयंपाकाचा सिलिंडर व्हॅनला जोडणे हा तर गुन्हा आहे. ज्या व्हॅनमधून मुले शाळेत जातात तिच्या सीटखाली काय आहे, हे एकदा वाकून बघण्याचा पालकांना हक्क आहे.

पंपावरचे नवे पेट्रोल

"गेल्या वर्ष-दोन वर्षांत गाडी आधीसारखी देत नाही," ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अंदाज होता की १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या कारचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, दुचाकीचे ३ ते ४ टक्के, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या कारचे १ ते २ टक्के घटेल. महिन्याला चार हजारांचे पेट्रोल भरणाऱ्या जुन्या कारवाल्याला अडीचशे ते तीनशे रुपयांचा फटका बसतो.

त्या बदल्यात देशाला काय मिळते? आपण ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशातून आणतो. तेवढे परकीय चलन वाचते, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. ऊस पाणी किती पितो हे मराठवाड्याला सांगायला नको. देशाचा फायदा आणि घराचा तोटा दोन्ही खरे आहेत. मला खटकते ते एवढेच की ऊर्जा कमी असलेल्या या पेट्रोलचा दर गिऱ्हाइकाला त्या प्रमाणात कमी लागत नाही. जुनी गाडी असणाऱ्याच्या हातात फारसे काही नाही. रबरी नळ्या आणि पेट्रोलचा फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून घरचा माणूस आखातात नोकरीला आणि त्याची मोटारसायकल कोकणातल्या पडवीत आठ-दहा महिने उभी, अशी परिस्थिती असेल तर जाण्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून घेणे चांगले.

गॅरेजमधल्या युक्त्यांविषयी थोडक्यात. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, 'पन्नास टक्के बचत' करणारी डबी, यांवर पैसे घालू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. लक्षणीय फायदा देणारे एकही सापडले नाही. जुन्या दुचाकीचे पेट्रोल कमी करून 'ट्यूनिंग' केले की पहिल्या महिन्यात ॲव्हरेज वाढते, नंतर इंजिन तापते, प्लग जळतो, आणि पुढे वाल्व्हचे काम निघते. महागडे जादा ऑक्टेनचे पेट्रोल साध्या इंजिनाला उपयोगाचे नाही. एअर फिल्टर बदलल्याने इंजेक्शनच्या गाडीचे ॲव्हरेज वाढत नाही, पिकअप सुधारतो. धुळीपासून इंजिन वाचावे म्हणून तो बदलायचा.

डिझेल गाडीविषयी एक इशारा. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून लांब, एकसारख्या वेगाने धावावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढेच फिरणाऱ्याने ॲव्हरेजच्या लोभाने डिझेल घेतले तर फिल्टर तुंबतो, आणि त्याचा खर्च काही वर्षांची बचत एका बिलात घेऊन जातो.

या छोट्या फेऱ्याच खरे तर कोणत्याही गाडीला जड जातात. थंड इंजिन जास्त इंधन पिते, आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते गरम होईपर्यंत आपण पोहोचलेलो असतो. दूध, औषध, मुलीची शिकवणी या तीन फेऱ्या एकीत बसवता आल्या तर जरूर बसवाव्यात. अशा कामाला विजेवरची स्कूटर मात्र शोभते. एका युनिटवर ती साधारण तीस किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांना धरले तरी शंभर किलोमीटरला तीस-पस्तीस रुपये. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोनशेच्या वर. पण विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघाव्यात: बॅटरीची हमी किती वर्षांची, इमारतीच्या खाली स्वतंत्र मीटरवरून चार्जिंगला सोसायटी परवानगी देते का, आणि आधीच वरच्या टप्प्यात गेलेल्या घरच्या वीजबिलात हे युनिट कोणत्या दराने बसतील. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून किंवा जिन्यात गाडी लावून रात्रभर चार्जिंग करू नये. जिना हीच इमारतीतल्या सगळ्यांची बाहेर पडायची वाट असते.